लाल रेघेवरचा पूल

कोलमार, द्राक्षतोडणीचे दिवस

माझ्या डीटमारला ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. चामडी कमावून मठाला पुरवते, पोटापुरते मिळते. तुझ्या धाकटीचा खोकला गेला का?

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. आज मठात गेले, तर वृद्ध साधू गोझबर्ट रोमपर्यंतच्या रस्त्यांचा जुना नकाशा नव्या चामड्यावर उतरवत होते. एक लाल रेघ नदी ओलांडून सरळ पलीकडे गेली होती.

मी म्हणाले, "बाबा, इथे पूल नाही. माझा नवरा लुटोल्ड इथेच बुडाला. पाण्यात नुसते खांब उरलेत."

ते हसले. "मुली, मी कधी फाटकाबाहेर गेलोय? हे रस्ते जुन्या सम्राटांच्या काळचे. समोर आहे तसं उतरवायचं. एक रेघ बदलली तरी पाप."

"मग लुटोल्डला वाट कुणी सांगितली?"

त्यांची लेखणी थांबली. "मीच. यावरूनच. तुझ्या भावानेही वाट विचारली होती, त्यालाही परवा हीच लिहून पाठवली."

मी तशीच धावत घरी आले.

डीटमार, नदीपाशी आधी गुराख्याला विचार, पाणी कुठून ओलांडता येते. लुटोल्ड म्हणाला होता, "मठातून आलेली वाट, ती आणखी कुणाला कशाला विचारायची?"

आणि गेर्लिंड, पाद्री हे तुलाच वाचून दाखवत असतील आणि तुझा नवरा निघून गेला असेल, तर पुढचे ऐकत बसू नकोस. ऊठ, त्याच्यामागे घोडेस्वार धाड.

तुमची,
मेख्टिल्ड