पहिल्या रांगेतली खुर्ची

आई, तू माझ्याशी खोटं बोललीस. तोंडावर विचारायचं राहूनच गेलं, कारण मला ते कळलं तेव्हा तुला जाऊन चौदा वर्षं झाली होती. आणि कळलं कुठे, तर इथे सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या एका फ्लॅटमध्ये, गणपतीची आरती झाल्यावर.

आपलं ठाण्याचं स्वयंपाकघर आठव. बाहेरच्या खोलीत तुझा गाण्याचा क्लास, सतरंजीवर सहा-सात मुली, आणि मी आत त्यांच्यासाठी चहा टाकतेय. मी अकरा वर्षांची. कुणी घसरली की तू पेटी थांबवून म्हणतेस, "परत घे." तीच ओळ मी आत गुणगुणतेय, एक डोळा दुधाच्या पातेल्यावर. पेटी थांबते, पण या वेळी "परत घे" ऐकू येत नाही. तू पडदा सारून आत येतेस, गॅस बारीक करतेस आणि अगदी शांतपणे म्हणतेस, "तुझ्या गळ्यात सूर नाही गं. नसतो एकेकाला. उगाच मागे लागू नकोस, तू आपली गणितं कर." ओरडली असतीस तर मी विसरूनही गेले असते. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, आणि दुसऱ्या दिवशी मला नवी कोरी कंपासपेटी आणून दिलीस.

मी विश्वास ठेवला. ठेवणार नाही तर काय? गाण्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार होतं? त्यानंतर शाळेच्या प्रार्थनेला, प्रत्येक आरतीला मी नुसते ओठ हलवत आले. इतके बेमालूम की नवऱ्यालाही कधी संशय आला नाही. लेकीला झोपवलं ते थोपटून, अंगाई नाही.

तुझी गणितं कामी आली, ते मान्य. इथे पाया लेबार भागात ऑफिस, ऑडिटचं काम, बरं चाललंय. शेजारच्या टेबलावर एक चिनी मैत्रीण आहे, इथेच जन्मलेली. शनिवारी घरी बसायचं म्हणजे तिला शिक्षा वाटते. तिने मला कुठे कुठे ओढून नेलं ते विचारू नकोस. कॅरिओकेला सगळे माईकसाठी भांडतात आणि मी कोपऱ्यात खुळखुळा वाजवत बसते. एकदा तर अशा डिस्कोला नेलं जिथे प्रत्येकाच्या कानाला हेडफोन आणि हॉलमध्ये गाणंच नाही. मी हेडफोन काढला तर काय, शे-दीडशे माणसं भसाड्या आवाजात आपापलं ओरडून गातायत, कुणाला कसली लाज नाही! मी पोट धरून हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. का, ते तेव्हा कळलं नाही.

तिनेच मला गेताईला नेलं. चिनी लोकांच्या सातव्या महिन्यात मेलेली माणसं परत येतात म्हणे, आणि त्यांच्या करमणुकीसाठी इमारतींमधल्या मोकळ्या मैदानात मांडव घालून गाण्याचे कार्यक्रम ठेवतात, तेच गेताई. चमचमत्या झग्यात गाणाऱ्या बायका, कानठळ्या बसवणारे स्पीकर, उकाडा. मी आधी पोचले तर पहिली रांग अख्खी रिकामी! तू मुलींना सांगायचीस ना, गाणं ऐकायचं तर पुढे बसून, गाणाऱ्याचा श्वास दिसला पाहिजे. मी ऐसपैस बसले आणि शेजारच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून मैत्रिणीची जागा धरली, इथे हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांवर, टेबल धरतात तशी. ती आली ती किंचाळतच. "ऊठ, ऊठ! ती रांग मेलेल्यांची आहे!" मी अशी उठले की एक चप्पल तिथेच राहिली. मागच्या आज्या खो-खो हसल्या. मैत्रिणीने रिकाम्या खुर्च्यांना हात जोडून माझ्या वतीने माफी मागितली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गणपती. तुझी ती लाडकी विद्यार्थिनी, दोन वेण्यांची, आता जुरोंग ईस्टला राहते. तिच्याकडे आरतीला गेले होते. प्रसाद हातावर ठेवताना ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही नुसते ओठ हलवता. का हो?"

"अगं, मी पक्की बेसूर. आईच म्हणायची."

तिचा चेहराच उतरला. "पण बाई तर मला म्हणाल्या होत्या, 'तुझ्यापेक्षा माझ्या मुलीचा सूर पक्का आहे. पण तिला मी यात पडू देणार नाही. कार्यक्रमासाठी लोकांच्या दारात ताटकळण्यात माझा जन्म गेला, तेवढा पुरे.' तुम्हाला... माहीत नव्हतं?"

माझ्या भल्यासाठी, हो ना? मग तेच सांगायचंस. गाऊ नकोस म्हणाली असतीस तर मी भांडले असते, अबोला धरला असता, कदाचित ऐकलंही असतं. तू भांडायची सोयच ठेवली नाहीस. परक्या मुलीला खरं सांगितलंस आणि पोटच्या पोरीला कंपासपेटी दिलीस!

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नसताना खिडक्या लावून, मोबाईलवर तंबोरा सुरू करून बसले. सा लागेना. तीस वर्षं बंद ठेवलेला गळा तो. वर्षभर रोज बसले, तरी वरचा सा उतरतोच. तू जे खोटं बोललीस ते आता खरं होऊन बसलंय. हे कुणी निस्तरायचं?

पुढच्या वर्षी मी गेताईला एकटीच गेले. दुसऱ्या रांगेत, मधल्या रिकाम्या खुर्चीच्या बरोबर मागे बसले. तुला चार शब्द सुनावायचे होते. स्पीकर दणाणत होते, शेजारच्या आजीलाही ऐकू गेलं नसतं. पण शब्द आलेच नाहीत, स्वयंपाकघरातली ती ओळ आली. म्हटली. नेहमीच्या जागी घसरले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून कबूल करते. माझा राग तसूभर कमी झालेला नाही. तरीही घसरल्यावर मी त्या खुर्चीकडे बघत थांबले, तू मागे वळून "परत घे" म्हणशील म्हणून. त्या मुलींना रोज म्हणायचीस. मला एकदाही म्हणाली नाहीस.