दादाच्या कालवणावरचं तेल

आये, तुझ्या थोरल्या लेकाने माझं डोकं उठवलंय, आणि मूळ दोष तुझा आहे, म्हणून हे तुलाच लिहितो. तुला जाऊन वीस वर्षं झाली. उलट बोलणार नाहीस, ही एक सोय.

गेल्या महिन्यात दादाच्या छातीत कळ आली. काल्हेरच्या गोडाऊनवर ट्रक खाली होत होता, तिथंच बसला. स्टेंट घालावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी नीट समजावलं: वनस्पती तूप, तळण, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल बंद, त्याऐवजी शेंगदाणे, अक्रोड, तारली, बांगडा, आणि तेल घाण्याचं, तेही मोजून. दादाने यातला ‘त्याऐवजी’ तेवढा दवाखान्यातच ठेवला. आता तो बिर्याणी खातो आणि वर मूठभर अक्रोड. तारलीही खातो, तळून. मी ओरडलो तर म्हणतो, “पंडित, डॉक्टरच बोलला, चांगला तेल खा. तो आत गेला की वायटाला भायेर काढील.” तेल म्हणजे काय बेलिफ आहे, घर खाली करून घ्यायला? एवढं संस्कृत शिकलो, न्यायदर्शन वाचलं, पण या युक्तिवादाचं खंडन मला साधत नाही.

शेलार गावचे पाहुणे आले होते तो दिवस आठवतो. मी सातवीत. कालवणावर तवंग दिसत नाही म्हणून तू पळीभर तेल कडवतेस, त्यात मसाला टाकतेस आणि वरून ओततेस. मी शहाणपणा करतो, “आये, किती तेल!” तू पळी माझ्यावर रोखतेस. “गप रं पंडिता. वर तेल दिसला न्हाय त पाव्हने म्हनतील, घरान दलिंद्र हाय.” ते उठल्यावर तू चुलीपाशी बसून निखाऱ्यावर भाजलेली तारली आणि भाकरी खाल्लीस. “माना तेल सोसत न्हाय,” म्हणालीस. तेलाचा डबा उपडा घातलेला मी पाहिला होता. आज डॉक्टर दादाला जे खा म्हणतात, ते तू नाइलाजाने खात होतीस, आणि आम्हाला मात्र शिकवून गेलीस की तवंग म्हणजे मान.

परवा वहिनी माहेरी गेली म्हणून दादा माझ्याकडे जेवायला होता. “भावोजी, थेंबभर तेलात करा हां,” ती बजावून गेली होती. मी तारली केळीच्या पानात भाजली, कालवणही तसंच बेताचं केलं. दादाने वाटीत पाहिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. वाटी हळूच बाजूला सारत म्हणाला, “म्हंजे आता माना कोन पाव्हन्यात बी धरत न्हाय.”

मी आत गेलो, पळीभर तेल कडवलं आणि त्याच्या वाटीत ओतलं. घाण्याचं होतं, एवढाच काय तो शास्त्राधार. त्याने वाटी पुसून खाल्ली. वहिनीचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, थेंबभरच.

हा कागद तिच्या हाती लागायला नको, म्हणून फाडणार आहे. त्याआधी एक दुरुस्ती. वर पळीभर लिहिलंय. दोन होत्या, आये.