पीएच साडेसहा

३ मार्च, मंगळवार
निदिया आज पोएब्लाला गेली. लेकीचं, मारिसेलचं बाळंतपण. तीन आठवडे.
बसमध्ये चढताना लेकीच्या काळजीतही तिने मला एक गोष्ट बजावली. जेवत जा, ही नव्हे. "दर रविवारी दोन बादल्या पाणी बदल. फिल्टरला हात लावू नकोस." अडतीस वर्षांच्या संसाराचा निरोप.
मेरिदाच्या शाळेत एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेल्या माणसाला बादल्या मोजायला सांगते. असो.

५ मार्च
तिच्या सहा एंजलफिशचं पाणी तपासलं. पीएच आठ! आमच्या गावचं पाणी चुनखडीतून येतं, दगडासारखं जड. एंजलफिश म्हणजे अ‍ॅमेझॉनचा मासा, त्याला साडेसहा हवा. नऊ वर्षं ही बाई त्यांना चुन्यात ठेवून कौतुक करत बसली. जगले ते माशांच्या चिकाटीमुळे.
संकल्प: ती परत येईपर्यंत पीएच साडेसहा. ती तोंडाने कौतुक करणार नाही, पण मनात नक्की करेल.

८ मार्च, रविवार
फिल्टर उघडला. आत तपकिरी चिखल. नळाखाली धरून लख्ख धुतला. टाकीतले खडेही धुतले. त्या नादात बादल्या राहिल्या.
संध्याकाळी फोन. मासे कसे आहेत? म्हणालो, इतके छान कधीच नव्हते. माझी पाठ धरलीय हे सांगणार, तोवर तिला मारिसेलने हाक मारली.

११ मार्च
रिटायर होताना लॅबमधून आठवण म्हणून आणलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. थेंब थेंब. दुपारी पीएच सात. सेलिब्रेशन म्हणून तळलेले पानुचो मागवले, चार खाल्ले.
सायं. ७: पीएच पुन्हा पावणेआठ. पाण्यातला चुना अ‍ॅसिड गिळतो. अपेक्षित होतंच.

१३ मार्च
काल दुप्पट डोस. आज चौपट. चुना हट्टी आहे, पण मीही आहे.
मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत. भूक असावी. जास्त खाणं टाकलं.

१४ मार्च
एक गेला. वयच झालं होतं.
टेस्ट किट आणायला विल्बर्थ कानुलकडे गेलो. बाजाराजवळ माशांचं दुकान आहे त्याचं. माझा जुना विद्यार्थी, मीच दोनदा नापास केलेला. सल्ला मागितला नव्हता, तरी दिला.
"फिल्टर धुतलात का, सर?"
म्हटलं, घाण होती.
"घाण नव्हती ती. माशांची घाण खाणारे जीवाणू असतात त्यात. नळाच्या क्लोरीनने मेले सगळे. आता काहीही टाकू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून रोज थोडं थोडं पाणी बदला. नाहीतर असं करा, बाईंना फोन करून विचारा ना."
विचारा ना! मला! किट घेतला आणि निघालो.

१६ मार्च
सकाळी ६: पीएच साडेसहा!! बरोब्बर साडेसहा. लाल पेनने लिहितोय. पक्कं व्हावं म्हणून आणखी दहा थेंब.
दुपारी १: साडेपाच.
दुपारी ४: पाच. थांबतच नाही. चुना संपला. किटमधली अमोनियाची नळी गर्द हिरवी, म्हणजे पाण्यात अमोनिया भरपूर. दोन मासे आडवे झाले, मग हलले नाहीत.

१७ मार्च
डोकं शांत ठेवलं. अ‍ॅसिडवर उतारा खायचा सोडा. चार चमचे. दहा मिनिटांत पीएच आठ. म्हटलं, सुटलो.
अर्ध्या तासात आणखी दोन गेले.
आम्ल पाण्यात अमोनिया फारसा बाधत नाही. पीएच चढला की त्याचंच विष होतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. परीक्षेत हमखास प्रश्न. न लिहिणाऱ्याचे पाच मार्क कापायचो.
दोष किटचा. त्यातल्या सूचना फार बारीक अक्षरांत आहेत.

१९ मार्च
नात झाली. तीन किलो. आनंदाने बोललो. मग निदिया म्हणाली, माशांचा फोटो पाठव. फोनमध्ये फेब्रुवारीतला होता, तो पाठवला. काचेत तिचंच प्रतिबिंब आहे हे नंतर दिसलं. तिच्या लक्षात येणार नाही.

२४ मार्च
आज ती येणार. दाढी केली. बसस्टँडवर दोन तास. आली नाही. फोन केला तर मारिसेल म्हणाली, आई आंघोळीला गेलीय. तासाने केला, आई झोपलीय. बाळंतिणीच्या घरी दगदग असतेच.

२८ मार्च, शनिवार
विल्बर्थ दारात. हातात थर्माकोलची पेटी आणि सहा प्लॅस्टिकच्या पिशव्या. बाईंनी मासे पोएब्लाला पाठवायला सांगितलेत म्हणे.
कधी सांगितलं?
"जायच्या आदल्या दिवशीच, सर. तिकडे टाकी तयार झाली की कळवते म्हणाल्या होत्या."
आदल्या दिवशी. म्हणजे बसमध्ये चढताना तिला माहीत होतं. तिने मला का नाही सांगितलं, असं मी त्याला विचारलं. त्याला!
तो टाकीकडे बघत राहिला. "तुम्ही ऐकून कुठे घेता, सर."
मग एक पिशवी बाहेर ठेवली आणि पाच घडी करून खिशात घातल्या. बोलला असता तर त्याला खोडून काढता आलं असतं.

दुपारी निदियाला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. खरं सांगितलं. एकच उरलाय.
मग म्हणाली, "कुठला?"
म्हटलं, काळ्या पट्ट्यांचा.
"पट्टे सगळ्यांनाच होते."
मी विचारलं, तिकडे येऊ का? नात बघायला. राहीन थोडे दिवस.
म्हणाली, "नको. इकडे फार थंडी असते. तुला सोसायची नाही." आणि ठेवला.
सायं. ६: पेपरात पाहिलं. पोएब्लात आज सव्वीस डिग्री.