अपघाताविना दोनशे बारा दिवस

३ मार्च, सोमवार
वॉशिंग मशीन ट्रकमधून उतरवताना जांघेत टचकन काहीतरी तुटलं. घाम फुटला. जवळ फक्त मुकादम. आम्ही त्याला राजेसाहेब म्हणतो — कंबरेला रुंद पट्टा, आणि स्वतः साधा खोका उचलायचा नाही! म्हणाला, "बोर्डावर दोनशे बारा दिवस झालेत. तुझ्यापायी शून्य करायचं का?"

तो बोर्ड गोदामाच्या दारातच आहे — अपघाताविना इतके दिवस. शून्य झाला की सगळ्यांचा बोनस बुडतो. म्हणून इथे बोट चेचलं तरी माणूस हात खिशात घालतो. मीही शहाण्यासारखा गप्प बसलो. नोंदवहीत काही लिहिलं नाही.

५ मार्च
गाठ आलीय. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की गायब. लाजाळू आहे!

११ मार्च
दवाखान्यातली डॉक्टरीण सरळ बोलली. हर्निया. पोटाची भिंत एका जागी फाकलीय, तिथून आतडं डोकावतंय. गोळ्यांनी जात नाही, ऑपरेशनच. गाठ आत जाईनाशी झाली, दुखून उलट्या झाल्या, तर तडक या म्हणाली.

बायकोने घरी येऊन पिशवी खुंटीला टांगली. मग म्हणाली, "ऑपरेशनला बोर्ड येणार आहे का तुमच्यासोबत?"

१४ मार्च
भरपाईचा अर्ज टाकलाय, म्हणून आज कंपनीचा डॉक्टर. खोकून दाखवा म्हणाला, खोकलो. झाली तपासणी! बाकी नुसत्या चौकशा — घरी जड उचलता का, पोट साफ होतं का, वडिलांना होता का. म्हणजे चौदा वर्षं मशीनं उचलली ती वाऱ्याने, आणि गाठ आली ती संडासात बसून. कागदावर लिहिलं, दुखणं जुनं.

विम्याचा माणूस त्याहून गोड. नोंद कुठेय, साक्षीदार कोण? कामावरची इजा ठरली नाही तर भरपाई नाही, पगारी रजाही नाही. ऑपरेशन पदरचं, आणि बरा होईपर्यंत जागेवर दुसरा माणूस.

१५ मार्च
राजेसाहेबाला विचारलं, साक्ष देशील का. पट्टा चाचपत निघून गेला. शेळपट लेकाचा!

१९ मार्च
परवा अर्जाची चौकशी. बायकोने शर्टाला इस्त्री केलीय, जसा काही सत्कारच आहे माझा.

२१ मार्च, शुक्रवार
राजेसाहेब न बोलावता आला. तारीख, वेळ, मशीन — सगळं सांगितलं. "नोंद करू नको असं मीच म्हणालो." विम्याचा माणूस हसला — एका मशीनने हर्निया होतो होय? तेव्हा राजेसाहेबाने पट्टा सोडून शर्ट वर केला. बेंबीशेजारी मुठीएवढी गाठ. "चार वर्षं झाली. तेव्हाही बोर्डच होता."

बाहेर येऊन त्यानेच बोर्ड पुसला आणि शून्य लिहिलं.

वरचं 'शेळपट' खोडणार नाही. मलाच वाचायला राहू दे.