बांधणावळीचे चाळीस रुपये

ताडकळस, ता. ८ फेब्रुवारी १९३७

चि. बन्सीधर यास किशनरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या भुजंगाची रंगवून घेतलेली तसबीर इटलीहून मुंबईला उतरली हे कळताच तुझ्या वहिनीने देवापुढे साखर ठेवली. लेकरू जाऊन तीन वर्षं झाली. पण त्या दलालाला विचार, ठरलेली रक्कम चुकती केल्यावर जहाजभाडं आणि बांधणावळ म्हणून हे वर चाळीस कशाचे? खोक्याला एवढे पडत असतील तर आमचा सुतार विलायतेला धाडतो. एक पैसा देऊ नकोस.

तुझ्या वहिनीच्या डोळ्यांपुढे हैदराबादच्या डॉक्टरने हात टेकले. नजरेवर उन्हाळा निघाला तर निघाला म्हणाला. पोराचा एकुलता एक फोटो नमुन्याला पाठवला, तोही त्याच पेटीत आहे. तेव्हा नेटाने भांड. मुंबईचं पाणी पिऊन मवाळ झाला नसशील, अशी आशा आहे.

लोभ आहेच, तो वाढवत जावा.

किशनराव

मुंबई, ता. २२ मार्च

तीर्थस्वरूप दादांस बन्सीधरचा शि. सा. न. वि. वि.

रागारागाने का होईना, तुम्ही चाळीस पाठवलेत. पण दादा, ते हाली निघाले! इथे निजामाचा शिक्का कोण घेतो? सराफाने बट्टा कापून चौतीस इंग्रजी कलदार हातावर ठेवले. वरचे सहा मी घातले, तर दलाल म्हणतो, एवढ्या दिवसांचं गोदामभाडं वीस रुपये झालं. आत जस्ताचं अस्तर, पेटी दोन पदरी, आणि ठराव फक्त चित्राचा होता, असं म्हणून कागद नाचवतो. पाया पडायचाच काय तो राहिलोय. माझा पगार उचलून झाला. वीस पाठवा, कलदारच.

रागावलात तरी माया पातळ करू नये.

बन्सीधर

ताडकळस, ता. ९ एप्रिल

चि. बन्सीधर भाऊजीस कस्तुराबाईचे आशीर्वाद.

मास्तरांची मनकर्णा लिहून घ्यायलीय. ह्यांना ठाऊक न्हाई. हे म्हणतात दावा लावीन, पर वीस देणार न्हाई. भाऊजी, मला आता माणूस आवाजावरनं वळखावं लागतंय. अंगणातलं ऊन तेवढं दिसायलंय. कापसाच्या मुनिमाबरोबर माझ्या बुगड्या धाडल्यात, त्या इका. तसबीर वाटलं तर त्या दलालाकडंच राहू द्या, पर माझ्या लेकराचा फोटू तेवढा काढून आणा. जात्यावर पडला तवाची डाव्या भुवईवरची खूण मला एकदा बघायचीय. लय घाई करा.

वहिनीवर जीव असू द्या.

कस्तुराबाई

ताडकळस, ता. ६ मे

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

काल पिंगळीच्या स्टेशनावरून पेटी आणली. बैलगाडीत सारी वाट मांडीवर धरून बसलो. बुगड्यांचं मला आता कळलं. तिला परवापासून ऊनही दिसत नाही.

तिने तसबिरीवर हात फिरवला आणि विचारलं, खूण हाय का? फोटोत ती स्पष्ट आहे. तसबिरीत मात्र चित्रकाराने डाग समजून ती गाळली. मी तिचं बोट धरून डाव्या भुवईवर ठेवलं आणि म्हटलं, ही काय, इथं हाय. तिने ते बोट बराच वेळ उचललं नाही.

ते चाळीस फेब्रुवारीत दिले असते, तर तिने लेकराला डोळ्यांनी पाहिलं असतं. बन्सी, हे मी केलं.

दलालाला म्हणावं, बांधणावळ रास्त होती. एवढ्या समुद्रातून येऊन चित्रावर एक ओरखडा नाही.

गावी येशील तेव्हा तूही तिला खूण आहे असंच सांग. एवढी माया या भावावर राहू दे.

किशनराव