सांदवाडीवरच्या खिडकीबाबत

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
कापूस सुधार उपकार्यालय,
देशमुखपुरा, अकोट

विषय : आपल्या माडीची पूर्वेकडील खिडकी विटांनी बुजवण्याचा हुकूम तातडीने रद्द होण्याबाबत.

संदर्भ : माझेच दोन अर्ज, दि. १९ नोव्हेंबर व १० डिसेंबर १९६२. आणि ते मंजूर केल्याचे आपले पत्र, दि. ११ जानेवारी १९६३.

महोदय,

सदरहू खिडकी बंद व्हावी म्हणून ज्याने आपल्याला दोन महिने हैराण केले तोच मी आपला शेजारी. ती आता बंद होऊ नये म्हणून हात जोडून विनंती करीत आहे. परवा गुरुवारी गवंडी येणार असल्याने हा अर्ज पुढील आठवड्यावर टाकू नये.

१. माझी पत्नी दुर्गाबाई, वय साठ. आमच्या घराण्यात बायकांना गोषा असल्याने लग्न होऊन ती जी घरात शिरली, ती सेहेचाळीस वर्षे घरातच. गुडघे-मनगटे सुजून तांब्या उचलेनासा झाला, तेव्हा तिला अमरावतीला नेले. बाई उन्हात शेवटच्या कधी बसल्या, असे डॉक्टरांनी विचारले. ती म्हणाली, लग्नाच्या बैलगाडीतून उतरताना. डॉक्टरांचे म्हणणे असे की, अंगावर ऊन पडल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि उतारवयात ते आणखीच कमी होते. त्याने हाडे दुखतात. सूजही त्यामुळेच धरून राहते असे छातीठोक सांगता येत नाही, पण दोन्हींचे साटेलोटे असावे असा त्यांना संशय आहे. वऱ्हाडात उन्हावाचून दुखणे, हे ऐकून कंपाउंडर हसला. मला हसू आले नाही, कारण तिला गोषा पाळायला लावणारा मीच.

२. डॉक्टरांनी माशाच्या यकृताचे तेल दिले. तिच्या गळ्यात माळ असल्याने ते पिणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही महिनाभर गुडघ्यांना चोळले. त्याने गल्लीतली मांजरे तेवढी घरी आली. मग ती घरामागच्या सांदवाडीत बसू लागली. तेथे ऊन अकरानंतरच उतरते. पंधरा दिवसांत सूज ओसरली आणि ती आपली वेणी आपण घालू लागली. दिवाळीत आपली माडी उठली, तिला खिडकी आली आणि खिडकीत आपले कारकून शेषराव पान खात उभे राहू लागले. दुर्गाबाई पुन्हा आत गेली.

३. पहिल्या अर्जावर आपण मला भिंत उंच करण्यास कळवले. भिंत उंच केली असती तर ऊनच गेले असते. तिने शाल पांघरून बसून पाहिले. ऊन शालीला मिळाले. मग ती फक्त आपल्या सुट्टीच्या दिवशी बसू लागली. मी सरकारी सुट्ट्यांची यादी मागवली होती ती याच कारणासाठी. सूज परत आली.

४. गेल्या शुक्रवारी, कार्यालय उघडे असताना, ती कोणाला न विचारता बाहेर जाऊन बसली आणि उठताना धुण्याच्या दगडाशी पडली. मी ओसरीत होतो, पण कानाने अधू. तिच्या हाका मला ऐकू आल्या नाहीत. शेषरावांनी खिडकीतून पाहिले, भिंत ओलांडून आले आणि तिला उचलून खाटेवर ठेवले. तेवढ्यात मी आलो आणि, सांगायला लाज वाटते, पहिले बोललो ते "हात काहून लावला?" शेषराव मान खाली घालून गेले. दुर्गाबाईने खाटेवरूनच मला खाली वाकवले आणि कानाशी म्हणाली, "त्यानं पाह्यलं म्हून वाचली मी. इतकी वर्सं मले पाह्यलं कोनं?"

५. दुसऱ्याच दिवशी आपला हुकूम पोचला. रविवार गेला, काल संक्रांत. ज्या सुट्ट्यांची मी वाट पाहत असे त्यांनीच माझे दोन दिवस खाल्ले.

तरी माझे दोन्ही अर्ज फाडून टाकावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि शेषराव यांचे टेबल तिच्यालगतच असावे. अकरा ते साडेबारा त्यांनी अधूनमधून खाली पाहावे. ती पडलीच तर मला हाका मारण्यात वेळ घालवू नये, सरळ यावे. भिंत मी काल दोन हात उतरवून ठेवली आहे.

आपला नम्र व ओशाळलेला शेजारी,
जानराव देशमुख
दि. १५ जानेवारी १९६३

सोबत : (१) डॉक्टरांची चिठ्ठी. (२) दुर्गाबाईने शेषरावांसाठी दिलेला तिळगुळाचा डबा. डबा परत द्यायला त्यांनी स्वतः यावे, असा तिचा निरोप आहे.