जुन्या मशीनला कळेल असं

सोमवार, ३ नोव्हेंबर

एडिटर नाही. गिअर तपासायच्या मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. बॅकअपवरून सगळं परत घातलं, त्यात एडिटर, म्हणजे फाइल उघडून बदलायचा प्रोग्रॅम, तेवढा नव्हता. त्यावरची युनिक्स सिस्टिम इतकी जुनी की तिच्यासाठी तयार काही मिळत नाही. आता मापाचा प्रोग्रॅम बदलायचा तर आंधळेपणाने, एकेक ओळ करून. सुमनताईंची अशीच एक ओळ चुकली आणि प्रोब, म्हणजे मापाची सुई, गिअरवर आपटला.

रणजीत सर, आमचे प्लँट मॅनेजर, म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर भंगारात."

मशीन गेली की सुमनताईही गेल्या. ती चालवणाऱ्या त्या एकट्या. नव्या मशीनवर बसायला डिप्लोमा लागतो, तो त्यांच्याकडे नाही.

सिद्धेश आयटीत माझ्या शेजारी बसतो. म्हणाला, "लॅपटॉपवर बदल आणि केबलने पाठव की." पण कस्टमर वाटेल तेव्हा माप बदलतो, आणि दर वेळी मी चाकणच्या ह्या प्लँटमध्ये नसते. सुमनताईंना तिथेच बदलता आलं पाहिजे.

एका छोट्या एडिटरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, मिळाला आहे. त्याच कॉम्प्युटरवर कंपाइल करणार, म्हणजे त्याला कळेल अशा रूपात आणणार. ठरलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पहिल्याच फाइलला पडदाभर चुका.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कारण सापडलं. हा कंपायलर जुनी सी भाषा जाणतो, सोर्स नव्या सीमध्ये आहे. नव्यात फंक्शनच्या कंसातच सगळं सांगतात. जुन्यात कंसात नुसती नावं. ती कोण, कोणत्या जातीची, ते खाली वेगळ्या ओळींत. म्हणजे प्रत्येक फंक्शनचा मथळा हाताने पुन्हा लिहायचा.

सिद्धेश म्हणाला, "एम.ए. मराठी केलंस ते ह्याच्यासाठीच. जुनं व्याकरण."

स्टोअरच्या दत्तोबांनी वाटेत अडवलं. "मॅडम, एडिटर येणार म्हणे आपल्याकडं. कुठल्या पेपरचा?"

शनिवार, ८ नोव्हेंबर

मथळे लिहिले. रंग काढून टाकले. खिडक्या काढल्या. माउसचं सगळं काढलं. जे काढलं त्याची आठवण येत नाही. केलेला बदल मागे घ्यायची सोयही काढणार होते – तिच्या चुका संपत नव्हत्या. सुमनताई डबा खात बघत होत्या. म्हणाल्या, "चुकलं तर माघारी येता येतं का त्यात?"

ठेवली.

जाताना म्हणाल्या, "बंद पडली तर पडू दे गं. लोखंडच हाय."

इतकी वर्षं एका मशीनवर काढलेलं माणूस असंच म्हणणार. मनाला लागू नये म्हणून.

सोमवार, १० नोव्हेंबर

कंपायलर चूक दाखवतो एका ओळीत, ती असते वरच्या ओळीत. दुपारपर्यंत एका अर्धविरामाच्या मागे होते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सगळ्या फाइली पार झाल्या. त्या एकत्र जोडताना अडलं. मेमरीतला मजकूर इकडून तिकडे सरकवायचं एक फंक्शन ह्या युनिक्समध्ये नाहीच. जे नाही ते लिहायचं. लिहिलं.

तळेगावला घरी पोचेपर्यंत हेल्मेटच्या आत तेच चाललं होतं. सरकवताना शेवटाकडून सुरुवात करायला हवी, नाहीतर स्वतःवरच लिहिलं जाईल. उद्या दुरुस्त करते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

उघडला. वरचा बाण दाबला तर बाणाऐवजी पडद्यावर कंस आणि ए. सुमनताई हसल्या. "शिव्या देतंय व्हय?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चालतो. बाण बाणासारखे वागतात. सुमनताईंनी स्वतः माप बदललं, सेव्ह केलं, मशीन सुरू केली. प्रोब गिअरच्या दाताला अलगद टेकला आणि मागे आला. रणजीत सर उभे राहून बघत होते. "झकास. दोन वर्षं तरी चिंता नाही आता."

मी सुमनताईंकडे बघितलं. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत त्यांना म्हणाले, "सुटलो ताई."

त्या म्हणाल्या, "तू सुटलीस."

मग सांगितलं. मशीन भंगारात गेली असती तर पैशांसकट स्वेच्छानिवृत्ती मिळणार होती. रणजीत सरांनी तसा शब्द दिला होता. कुरुळीत जावेबरोबर खानावळ टाकायची. गाळा ठरवून ठेवला आहे. शिफ्ट सुटली की पोरं उपाशी फिरतात, त्यांना घरचं जेवण. आता मशीन चालू आहे, तर माणूस सोडता येत नाही – काल संध्याकाळी सरांनीच सांगितलं.

"मला बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस का? आन् एवढी राबत होतीस. मधीच कसं बोलू?"

खरं आहे. कंपायलरची प्रत्येक ओळ वाचली. त्यांना एकदाही विचारलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

एडिटर काढून टाकता येईल. एक आज्ञा. दिवसभर हाच विचार, आणि दिवसभर नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रणजीत सरांना म्हणाले, "खुर्ची रिकामी राहणार नाही. सुमनताईंना सोडा, मशीनवर मी बसते." सर म्हणाले, "आयटीत परत जागा मिळेलच असं नाही." मी म्हटलं, चालेल.

सुमनताईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. आधी हात धुऊन ये."